आपोआप

जपायचे म्हटले की जागा लागते, आणि जागा कुणाकडेच अमर्याद नसते. घरातला माळा भरतो, शाळेचे कपाट भरते, कचेरीची रेकॉर्ड रूम भरते, तशी ई-मेलची पेटीही भरते. ही पेटी आपल्या मोबाईलमध्ये किंवा संगणकात असते असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात आपले निरोप दूर कुठेतरी ठेवलेल्या एका यंत्रावर, मेल सर्व्हरवर, पडून असतात. आपण फक्त खिडकीतून ते पाहतो. त्या यंत्रातली जागा संपत आली की ते चालवणारा माणूस एक नियम घालून देतो : अमुक दिवसांपेक्षा जुना निरोप असेल तर काढ, अमुक एमबीपेक्षा जड असेल तर काढ. मग सगळे झोपलेले असताना हा नियम रोज रात्री एकेका पेटीतून फिरतो आणि निरोप कमी करतो. तो काहीही उघडून वाचत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात, वय आणि वजन.

या लेखात आम्हाला विचार करायचा आहे तो या नियमाच्या नैतिक बाजूचा. यात कसली आली नीती, असे कुणी म्हणेल. अंगण झाडले, कचरा गेला, संपले. पण अंगण झाडणाऱ्या बाईला कचऱ्यात कुणाच्या कानातले दिसले तर ती वाकून उचलते. नियमाला वाकता येत नाही. आमचा प्रश्न इथून सुरू होतो.

आधी नियमाची बाजू ऐकली पाहिजे. २००४ पर्यंत हॉटमेलवर फुकटच्या खात्याला २ एमबी जागा मिळे. (हॉटमेल काढणारे सबीर भाटिया काही काळ पुण्याच्या बिशप्स शाळेत शिकले होते, हे जाता जाता.) दोन एमबीत आजच्या मोबाईलचा एक धड फोटोही मावत नाही. त्यामुळे तेव्हा माणूस स्वतःच बसून निवड करी, हे ठेवू, हे पुसू. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने १ जीबीचे जीमेल आणले आणि आता काही पुसायची गरजच उरली नाही, असे सांगितले. लोकांची पुसायची सवय सुटली. २०१३ साली त्याच कंपनीने फुकटची जागा १५ जीबी केली, पण तिच्यात निरोप, फायली, फोटो सगळेच मोजले जाऊ लागले. आणि १ डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षे न उघडलेली वैयक्तिक खाती अख्खी पुसायला सुरुवात झाली. कारण दिले गेले सुरक्षिततेचे. ते खोटे नाही, बेवारस खाते चोराच्या हाती लवकर लागते. तरी दोन वर्षे खाते न उघडणारा माणूस कोण असतो, याचा विचार करावा. तो आळशी असेल, परवलीचा शब्द विसरलेला असेल. मयत माणूसही त्याच हिशेबात येतो.

सरकारी कचेऱ्यांना हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. आपल्याकडे कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात. 'अ' कायमचे, 'ब' तीस वर्षांचे, 'क' दहा वर्षांचे, आणि 'ड' वर्षभराचे, म्हणजे काम झाले की जाण्याच्या लायकीचे. शाळेचे जनरल रजिस्टर, ज्याला आमच्या उर्दू शाळांतली जुनी माणसे अजून दाखिल-खारिज म्हणतात, ते कायम जपायचे असते. ही पद्धत काही निर्दोष नाही. रेकॉर्ड रूममधली वाळवी अ आणि ड असा भेद करीत नाही. पण कागद कुठल्या गठ्ठ्यात जायचा ते कुणीतरी तो हातात घेऊन ठरवतो, नष्ट केलेल्यांची यादी होते, यादीखाली सही होते. सार्वजनिक अभिलेखांचा केंद्राचा १९९३ चा कायदा तर नियमाबाहेर जाऊन अभिलेख नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड सांगतो, आणि अभिलेखाच्या व्याख्येत संगणकाने तयार केलेले साहित्यही धरतो. महाराष्ट्राने आपला असा कायदा २००५ साली केला.

जुना कागद कधी बोलू लागेल हे सांगता येत नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर तहसील कचेऱ्यांपासून जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत गठ्ठ्यांच्या गाठी सुटल्या. १९६७ पूर्वीचा कागद हवा होता. मोडी वाचणारे शोधावे लागले, आणि मराठवाड्यातल्या निजामाच्या काळातील कागदांसाठी उर्दू वाचणारेही. (उर्दू येणाऱ्या माणसाची सरकारला इतकी निकड लागलेली आम्ही प्रथमच पाहिली.) त्या मागणीविषयी ज्याचे मत त्याच्यापाशी. आम्हाला दिसतो तो शंभर वर्षांपूर्वीचा एखादा मास्तर, रकाना रिकामा राहू नये म्हणून बोरूने एक शब्द लिहून पुढच्या मुलाकडे वळलेला. त्याच्या रजिस्टरला कुणी 'जुने झाले' एवढ्याच कारणावरून काडी लावली असती तर आज कितीजणांच्या तोंडचे पाणी पळाले असते.

आता आमच्या भागातली गोष्ट. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या आम्हा काही शिक्षकांची ई-मेल खाती एका संस्थेच्या सर्व्हरवर होती. आमचे एक निवृत्त सहकारी, ज्यांना सगळे उस्तादच म्हणत, बरीच वर्षे एक काम करीत होते. जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगाव इथल्या मुसलमान घरांतल्या बायका जी दखनी बोलतात तिचे शब्द ते गोळा करीत. हळदीच्या रात्रीची गीते, भांड्यांची आणि दागिन्यांची नावे, 'नक्को'सारखे मराठीतून दखनीत जाऊन तिथलेच झालेले शब्द. ज्या बायकांकडून ते घेतले त्यांतल्या बऱ्याच तेव्हाच सत्तरीपुढच्या होत्या. उस्तादांना टंकलेखन येत नसे. ते सुंदर नस्तालीक अक्षरात पाने लिहीत, नातवाकडून त्यांचे फोटो काढवीत, आणि आठ-दहा पानांचा एकेक निरोप आमच्यातल्या एका शिक्षिकेला पाठवीत. ती फावल्या वेळात ते संगणकावर उतरवून घेई. २०२१ साली उस्ताद अल्लाला प्यारे झाले. घराचे काम निघाले त्यात त्यांच्या वह्या कुठे गेल्या ते घरच्यांनाही सांगता येईना. निम्मे लिखाण उतरवून झाले होते, उरलेले पेटीत होते.

मग संस्थेने नियम लावला. पाच एमबीहून जड निरोप नव्वद दिवसांनी जाणार, बाकीचे दोन वर्षांनी. पूर्वसूचना आली होती, सात दिवसांची, इंग्रजीत, मे महिन्याच्या सुट्टीत, आणि आली होती त्याच पेटीत जी सुट्टीत कुणी उघडत नाही. उस्तादांचे सगळे निरोप एका रात्रीत गेले. चौकशी केल्यावर तिथल्या माणसाने अगदी सौजन्याने उत्तर दिले, "कुणी काढले नाहीत हो. आपोआप गेले."

तो मनुष्य खोटे बोलत नव्हता. त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरेच आपोआप गेले होते. आम्हाला मात्र त्या शब्दाने फार दिवस छळले. आपल्या भाषेत 'आपोआप' हा मोठा सोयीचा शब्द आहे. फळ आपोआप पिकते, जखम आपोआप भरते, यात कर्ता शोधावा लागत नाही. पण मुलाच्या हातून काच फुटते तेव्हा तोही म्हणतो, आपोआप फुटली. आम्ही शिक्षक त्याला सोडतो का?

गावात कोंडवाडा असतो. कुणाचा बैल रात्री सुटून दुसऱ्याच्या ज्वारीत शिरला तर बैल कोंडवाड्यात जातो आणि दंड मालक भरतो. बैल आपोआप गेला, हे म्हणणे ग्रामपंचायत ऐकून घेत नाही. इस्लामी न्यायशास्त्रातही याचा विचार फार जुना आहे. दिवसा शेत राखणे हे शेतवाल्याचे काम, पण रात्री जनावराने केलेल्या नुकसानीची भरपाई जनावराच्या धन्याची, कारण रात्री ते बांधून ठेवणे त्याच्या हातात होते. यंत्राला नियत नसते, बैलालाही नसते. म्हणूनच दोघांच्या वतीने कुणीतरी उत्तर द्यावे लागते. नियम लिहिणाऱ्याने पाचचा आकडा लिहिला, नव्वदचा आकडा लिहिला. हे दोन आकडे आभाळातून पडलेले नाहीत. दहा आणि तीनशेही लिहिता आले असते.

यावर कुणी म्हणेल, आकडा सगळ्यांना सारखाच होता, त्यात अन्याय कुठे आला? इथे थोडे खोलात जावे लागेल, कारण आमच्या मते खरी मेख याच सारखेपणात आहे.

संगणकावर साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट जागा लागते. आज सर्वत्र चालणाऱ्या युनिकोडच्या पद्धतीत उर्दू अक्षराला दोन लागतात आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे तोच मजकूर मराठीत लिहिला की वजन वाढते. हा फरक किरकोळ म्हणून सोडून देऊ. पण जी लिपी यंत्राला नीट लिहिताच येत नव्हती तिचे काय? नस्तालीकमध्ये अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते आणि शब्द तिरपा खाली उतरतो. ते छपाईच्या यंत्रात बसवायला १९८१ साल उजाडले. मिर्झा अहमद जमील यांनी जोडाक्षरांचे जवळजवळ वीस हजार आकार हाताने काढून घेतले तेव्हा कुठे नूरी नस्तालीक तयार झाली आणि लाहोरच्या 'जंग'मध्ये कातिबांच्या जागी यंत्र आले. आपल्याकडे १९९४ साली इनपेज आले. तरीही इनपेजमधला मजकूर ई-मेलमध्ये उतरवला की चौकोन दिसत. म्हणून उर्दूवाले पानाचे चित्र करून पाठवीत. उर्दू वर्तमानपत्रेसुद्धा कित्येक वर्षे इंटरनेटवर पानांची चित्रेच लावीत होती. आज युनिकोडमध्ये नस्तालीक लिहिता येते, मोबाईलवरही येते, पण साठी उलटलेल्या माणसाचे बोट तिथवर पोहोचत नाही. दोन हजार अक्षरांचे उर्दू पान टंकलिखित असेल तर चार केबीत मावते. त्याच पानाचा फोटो दीड एमबीचा होतो, म्हणजे पावणेचारशे पट. शब्द तेच. जड झाली ती गैरसोय.

आणि हे केवळ उर्दूचे नाही. ज्या आईला लिहिता येत नाही ती आवाज भरून पाठवते. ज्या बापाला अर्ज भरता येत नाही तो रेशनकार्डाचा फोटो पाठवतो. आदिवासी वाडीवरचा आमचा मित्र मुलांनी कोळशाने भिंतीवर काढलेली चित्रे पाठवतो. हे सगळे जड. उलट 'सर्व मुख्याध्यापकांनी माहिती तात्काळ सादर करावी, विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील' हा निरोप दोन केबीचा असतो आणि सुखाने दोन वर्षे नांदतो. ज्यांच्याकडे टंकाची सोय आहे त्यांचे बोलणे हलके, ज्यांच्याकडे नाही त्यांचे जड. वजनाचा सारखा नियम लावला की तो कुणाच्या अंगावर पडतो, हे तराजू धरणाऱ्याला आधी कळायला हवे होते.

मग काय सगळेच जपून ठेवायचे? नाही. आम्ही पुसण्याच्या विरुद्ध नाही. उलट काही गोष्टी पुसल्याच पाहिजेत असे आमचे मत आहे. सातवीतल्या मुलाने एकदा पैसे चोरले, पालकांना बोलावले, त्याने माफी मागितली. ते पत्र त्याच्या नावावर किती वर्षे ठेवायचे? आपल्याकडे ऐबपोशी हा गुण मानला जातो, दुसऱ्याच्या दोषावर पांघरूण घालणे. तौबा केलेल्याचे पान कोरे होते, ही आपली श्रद्धा. युरोपच्या न्यायालयाने २०१४ साली मारिओ कोस्तेखा गोन्सालेस या स्पॅनिश गृहस्थाच्या बाजूने निकाल दिला तोही याच वळणाचा आहे. कर्जापायी घराचा लिलाव निघाल्याची १९९८ मधली एक जाहिरात, कर्ज फिटल्यावरही, त्यांचे नाव शोधणाऱ्या प्रत्येकाला गूगलवर दिसत होती. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. पण गंमत पाहा. चोरीचे ते पत्र तीन केबीचे, ते दोन वर्षे राहणार, मुलगा नववीत जाईपर्यंत. त्याच मुलाने विज्ञान प्रदर्शनात बक्षीस घेतानाचा फोटो सहा एमबीचा, तो नव्वद दिवसांत जाणार. क्षमा करणाऱ्याला गुन्हा माहीत असावा लागतो. ज्याने वाचलेच नाही तो क्षमाही करू शकत नाही.

कागद घालवायचा कसा, याची रीत आपल्या थोरांनी घालून दिलेली आहे. जुन्नर हे कागदाचेच गाव. गोणपाटाच्या चिंध्या कुटून लगदा करणारे कागदी मुसलमान इथे पिढ्यान्‌पिढ्या होते, पुण्यातल्या कागदीपुऱ्याचे नातेही त्यांच्याशी सांगतात, आणि जुन्नरी कागदावर मराठेशाहीची दफ्तरे लिहिली गेली. टाकाऊतून कागद करणाऱ्यांना तो टाकून देणे सोपे वाटत नसणार. आजही मशिदीबाहेर एक पेटी टांगलेली असते. ज्यावर अल्लाचे नाव असू शकेल असा फाटका कागद, जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा, कॅलेंडरचे पान, लोक त्यात टाकतात. पेटी भरली की कुणीतरी ती उतरवतो, कागद पाहतो, आणि ते दफन करतो किंवा वाहत्या पाण्यात सोडतो. कागद जातोच, पण एका माणसाच्या हातून जातो.

जुन्या कैरोत, फुस्तातच्या बेन एझरा सिनेगॉगमध्ये, ज्यू लोकांनी हीच काळजी आणखी लांब नेली. देवाचे नाव असू शकेल म्हणून एकही लिहिलेला कागद फेकायचा नाही, एका कोठडीत टाकायचा. दफन करायचे मात्र राहून गेले. १८९६-९७ साली सॉलोमन शेख्टर तिथे पोहोचले तोवर जवळजवळ हजार वर्षांचा कागद साठला होता. आज जगभरच्या ग्रंथालयांत पांगलेले त्याचे तुकडे चार लाखांच्या घरात जातात. त्यात निकालपत्रे आहेत, उधारीच्या याद्या आहेत, बाराव्या शतकात मंगळूरला राहणाऱ्या ज्यू व्यापाऱ्याचा एडनशी पत्रव्यवहार आहे, आणि मुलांना अक्षरे गिरवायला दिलेली पाने आहेत. शिक्षक म्हणून आमचा जीव त्या शेवटच्या पानांत अडकला. कुठल्याही कचेरीने ती 'ड' वर्गातच घातली असती.

कुणी म्हणेल, हे हाताच्या काळातले झाले, कोट्यवधी निरोप कोण हाताने पाहणार? बरोबर आहे. त्यासाठी खोडदला जावे लागेल. नारायणगावजवळ, जुन्नर तालुक्यातच, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणींचा जीएमआरटी प्रकल्प आहे. तिथे इतकी माहिती येते की सगळी ठेवणे शक्यच नाही. मोबाईलचा, उपग्रहाचा गोंगाट यंत्रच ओळखून बाजूला काढते. म्हणजे तिथेही नियम आपोआप चालतो. पण तो लिहिणाऱ्याला गोंगाट कोणता आणि तारा कोणता हे ठाऊक असते, नियम इतरांना तपासता येतो, आणि निरीक्षणांची नोंद संग्रहात राहते. २०१० ते २०१२ या काळात इथून आकाशाची एक मोठी पाहणी झाली. पुढे दुसऱ्या देशांतल्या अभ्यासकांनी तीच जुनी माहिती नव्या पद्धतीने चाळली आणि २०१६ साली सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी मांडली. त्या यादीतल्या एका ठिपक्याचा माग काढत २०१८ मध्ये तोवरची सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका सापडली, तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला बारा अब्ज वर्षे लागलेली. 'दोन वर्षांपेक्षा जुने' हा नियम तिथे असता तर ती यादी झालीच नसती.

पूर्वसूचनेबद्दलही एक बोलायचे राहिले. आंबेगाव तालुक्याचे नाव ज्या गावावरून पडले ते मूळ आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, तालुक्याची कचेरी घोडेगावला. धरणग्रस्तांना न्याय किती मिळाला हा वेगळा विषय, आणि कडू विषय. पण पाणी चढणार हे माणसाला दारात येऊन सांगावे लागते. त्याला कळेल अशा भाषेत सांगावे लागते. मग तो चौकट, वासे, उंबरा काढून नेतो. सूचना बुडणाऱ्या घरातच ठेवून जाणे याला कळवणे म्हणत नाहीत.

आम्ही संस्थेकडे लेखी मागणी केली आहे. निरोप काढण्याआधी त्यांची यादी, पाठवणाऱ्याच्या नावासह, मराठीत आणि उर्दूत, शाळेच्या पत्त्यावर कागदावर यावी. हाताने लिहिलेल्या पानांच्या चित्रांना वजनाची अट लावू नये, किंवा काढण्याआधी ती दुसरीकडे उतरवून घ्यावी. आणि सूचनेच्या खाली नियम ठरवणाऱ्या माणसाचे नाव व हुद्दा असावा. पहिल्या दोन गोष्टींचा विचार करू, असे तोंडी सांगण्यात आले. तिसरीवर बरीच चर्चा झाली म्हणतात. पत्राचे उत्तर यायचे आहे. नियम दरम्यान रोज रात्री चालूच आहे.

उस्तादांचे जे निम्मे लिखाण उतरवून झाले होते त्याच्या आम्ही दोन प्रती कागदावर काढल्या. एक त्यांच्या घरी दिली. दुसरी शाळेच्या लोखंडी कपाटात आहे, डांबराच्या गोळ्या घालून. हळदीची चार गीते त्यात पुरी आली आहेत. पाचवे तिसऱ्या कडव्यापाशी थांबते. ओतूरच्या ज्या खाला ते म्हणत असत त्यांच्या सुनेला पुढचे थोडे आठवते असे कळले आहे, दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे जायचे ठरले आहे.